अभियांत्रिकी फर्मची सक्तीची नोंदणी : सार्वजनिक खर्च

अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या कंपनीने किंवा भागीदारी फर्मने नियामक मंडळाकडे स्वतंत्र नोंदणी केलीच पाहिजे, या कायदेशीर अटीमुळे समाजावर पडणारा एकूण भार. नोंदणी शुल्क हा त्यातला सर्वांत लहान भाग. पण तो मोजायला सोपा असल्याने चर्चा बहुधा तिथेच अडकते.

अभियंत्याची नोंदणी आणि फर्मची नोंदणी हे दोन वेगळे थर आहेत. अमेरिकेत अभियंत्यांच्या परवान्याचा पहिला कायदा १९०७ मध्ये वायोमिंग राज्याने केला. पाणीहक्काच्या अर्जांसोबतचे नकाशे अनेकदा अजाण माणसांनी काढलेले असत, हे त्याचे कारण. तिथे रोख माणसावर होता. फर्मलाही बांधून घ्यावे यामागचा युक्तिवाद असा, की कामाची मुदत, मनुष्यबळ, तपासणीची शिस्त आणि विमा हे मालक ठरवतो, नोकरीतला अभियंता नव्हे. हा युक्तिवाद वजनदार आहे.

त्याची किंमत मात्र सर्वांवर सारखी पडत नाही. अर्ज, नूतनीकरण आणि जबाबदार अभियंत्याची नेमणूक यांचा खर्च मोठ्या फर्मच्या शेकडो प्रकल्पांत विरून जातो. एकट्याने सल्लागारी करणाऱ्याला सूट नसेल, तर तोच माणूस एकदा अभियंता म्हणून आणि पुन्हा फर्म म्हणून पैसे भरतो. अनेक राज्यांत काम करणाऱ्याला हा सोपस्कार प्रत्येक ठिकाणी करावा लागतो. छोट्या फर्म बाजूला पडल्या की स्पर्धा घटते आणि दर चढतात. सरकार स्वतःच या सेवांचे मोठे गिऱ्हाईक असल्याने वाढीव दर निविदांतून पुन्हा तिजोरीवरच येतात. सर्वांत घातक खर्च कुठल्याच खात्यात दिसत नाही : दर परवडत नाही म्हणून लहान घरमालक अभियंत्याला न विचारताच भिंत पाडतो.

लाभ मोजणे आणखी अवघड. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलमध्ये १७ जुलै १९८१ रोजी हवेतले पादचारी पूल कोसळून ११४ जण ठार झाले. मूळ रचनेत वरचा व खालचा पूल छतापासून आलेल्या एकाच अखंड सळईला टांगायचे होते. सोयीसाठी सळईचे दोन तुकडे केले गेले, खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि त्या जोडावरचा भार दुप्पट झाला. आराखड्यांवर नोंदणीकृत अभियंत्याचा शिक्का होता. पुढे मिझुरी राज्यात संबंधित अभियंत्यांचे परवाने आणि त्यांच्या फर्मचे अधिकारपत्र (म्हणजे फर्मची नोंदणी), दोन्ही रद्द झाले. म्हणजे नोंदणीमुळे अपघात टळला नाही. फर्मला शिक्षा करण्याचा हात मात्र मंडळाला मिळाला. इमारत परवानगी, न्यायालये आणि विमा हेही सुरक्षिततेच्या याच कामाला जुंपलेले असल्याने लाभातला फर्म-नोंदणीचा वाटा वेगळा काढता येत नाही.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये नुसती नावनोंदणी, प्रमाणपत्र आणि परवान्याविना व्यवसायास बंदी अशा व्यवसाय-नियंत्रणाच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. फर्मवरची अट बहुधा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत महागड्या पायरीवर असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२१ पासून फर्मना परवाना सक्तीचा केला आणि नीतिमत्ता, गुणवत्ता व सततचे प्रशिक्षण कसे सांभाळणार याची लेखी योजनाही मागितली. अशी योजना कामात उतरते की कपाटात राहते, हे पाहायला तपासनीस लागतात. त्यांचा खर्चही याच हिशेबात धरावा लागतो.