अलास्कातली नेटिव्ह कॉर्पोरेशन आणि अलास्कातली जमात

‘आदिवासी विकास महामंडळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी कचेरी येते. अलास्कातल्या ‘नेटिव्ह कॉर्पोरेशन’ला मराठीत महामंडळ म्हटलं तर तिथेच फसगत होते, कारण ती मूळनिवासी भागधारकांच्या मालकीची कंपनी आहे. याहून मोठी गल्लत म्हणजे ही कंपनी आणि जमात एकच मानणं. ती अमेरिकेतही होते.

उत्तर टोकाचं उत्कियाग्विक घ्या. तिथल्या इनुपियाक (उत्तरेकडचा मूळनिवासी समाज) माणसाकडे गावच्या कंपनीचे शेअर असू शकतात, प्रादेशिक कंपनीचेही असू शकतात, आणि शिवाय तो गावच्या जमातीचा सदस्य असू शकतो. पहिल्या दोघींकडून लाभांश येतो. तिसरी म्हणजे त्याचं सरकार.

हे असं झालं तेलामुळे. 1968 मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बेला तेल सापडलं. पाइपलाइन टाकायची तर मूळनिवासींचे जमिनीचे दावे आधी मिटायला हवे होते. 18 डिसेंबर 1971 ला ते मिटवणारा कायदा झाला. मूळनिवासींच्या वाट्याला आलं: 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि 96 कोटी 25 लाख डॉलर. पण जमीन जमातींच्या नावे झालीच नाही, ती नव्याने काढलेल्या कंपन्यांना मिळाली. 12 प्रादेशिक कंपन्या, दोनशेहून जास्त गावांच्या, आणि राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी तेरावी. त्या दिवशी हयात असलेल्या पात्र माणसाला 100 शेअर. दुसऱ्या दिवशी जन्मलेल्या बाळाला एकही नाही. एकाच घरात थोरली बहीण भागधारक आणि धाकटा भाऊ नाही, हे मला आजही पटत नाही. काही कंपन्यांनी पुढे मतदान घेऊन धाकट्यांना सामावून घेतलं. उत्कियाग्विकच्या भागातली प्रादेशिक कंपनी आर्क्टिक स्लोप त्यांपैकी एक.

कंपन्यांचा धंदा आता तेल आणि लाकडापुरता नाही. लष्करी तळांची देखभाल, बांधकाम, संगणक सेवा, कार्यालयीन मनुष्यबळ अशी सरकारी कंत्राटं त्या घेतात. वंचित लघुउद्योगांसाठीच्या ‘8(ए)’ योजनेत इतरांना निविदेशिवाय ठराविक रकमेपर्यंतच काम मिळतं. या कंपन्यांच्या उपकंपन्यांना ती मर्यादा नाही. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या जमातींच्या कंपन्यांनाही हीच सवलत असल्याने गोंधळात भर पडते.

जमात मात्र भागधारकांची नाही, सदस्यांची. तिची परिषद असते, अनेकींचं न्यायालयही असतं. आईवडील वेगळे झाले तर मूल कोणाकडे राहावं, हे जमातीचं न्यायालय ठरवू शकतं. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ते 1999 मध्ये मान्य केलं. कंपनीचं संचालक मंडळ, नफा कितीही असो, हे कधीच करू शकत नाही.

उलट जमातीच्या हाती जमीन फारशी नाही. व्हेनेटाय या गावाने 1971 च्या कायद्याचे पैसे नाकारून सुमारे 18 लाख एकर घेतली आणि पुढे जमातीच्या नावे केली. शाळा बांधणाऱ्या कंत्राटदारावर जमातीने कर लावला, तेव्हा 1998 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ही ‘इंडियन कंट्री’, म्हणजे जमातीचा अधिकार चालतो अशी जमीन, नाही, इथे कर लावता येणार नाही.

2020 मध्ये कोविडसाठी जमातींच्या सरकारांना 8 अब्ज डॉलर ठेवले गेले, तेव्हा हाच फरक पणाला लागला. कंपन्यांना त्यातला वाटा कशाला, म्हणत इतर राज्यांतल्या आणि अलास्कातल्याही काही जमाती कोर्टात गेल्या. 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला: त्या मान्यताप्राप्त जमाती नाहीत, तरी या मदतीच्या कायद्यातल्या ‘जमाती’च्या व्याख्येत बसतात.