चकलीचं तेल आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर

दिवाळी सरली की घरोघरी चकलीचं काळपट तेल उरतं. शेजारपाजारचं गोळा केलं तर पाच लिटर भरलं. त्यावर चालणारा बर्नर करायचा आणि पुण्यात धायरीला मेव्हण्याच्या शेडबाहेर अ‍ॅल्युमिनियम वितळवायचं (ते 660 अंशांना वितळतं), असं मनाने घेतलं.

आधी हवेचा हिशेब मांडला. लिटरभर तेल पुरतं जळायला साधारण साडेअकरा किलो हवा लागते. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंच, त्यामुळे इथली हवा जरा विरळ. साडेअकरा किलो म्हणजे सुमारे दहा हजार लिटर झाली. तासाला एक लिटर तेल जाळायचं तर मिनिटाला 170 लिटर हवा हवी. मला भंगारात मिळालेला फ्रिजचा कॉम्प्रेसर एका फेऱ्यात जेमतेम सात घन सेंटिमीटर हवा ओढतो. मिनिटाला 2900 फेरे धरले तर कागदावर वीस लिटर, प्रत्यक्षात पंधरा. मी वही मिटली.

चुकलो होतो. आगीला हवा पुरवणं हे कॉम्प्रेसरचं कामच नव्हे, त्याला साधा ब्लोअर पुरतो. कॉम्प्रेसरने तेल फोडायचं असतं.

तेल जळतं म्हणजे त्याची वाफ जळते, आणि वाफ सुटते पृष्ठभागावरून. एक मिलिलिटर तेलाच्या गोळीचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरही नसतो. तीच गोळी 50 मायक्रॉनच्या, म्हणजे केसाहून बारीक थेंबांत फोडली, तर दीड कोटी थेंब होतात आणि पृष्ठभाग 1200 चौरस सेंटिमीटर होतो. ए-फोर कागदाची दोन पानं शेजारी मांडावीत एवढा. शिवाय थेंबाचा व्यास निम्मा केला की तो जळायला चौथा हिस्सा वेळ लागतो. रॉकेलचा स्टोव्ह या भानगडीत पडत नाही, तापलेल्या नळीतच रॉकेलची वाफ करतो. तिथे तळणीचं तेल घातलं तर नळीत कार्बन धरेल आणि पिन मारून मारून हात दुखेल.

मी निवडली रॉबर्ट बॅबिंग्टन या अमेरिकन संशोधकाची युक्ती. पोकळ गोळ्याला बारीक छिद्र पाडायचं, आतून हवा सोडायची आणि वरून तेलाची धार धरायची. गोळ्यावर तेलाचा पातळ पापुद्रा पसरतो, छिद्रातली हवा तो फाडून धुकं करते. तेल छिद्रातून जातच नाही, त्यामुळे चकलीचा चुरा अडकायची भीती नाही. गोळा म्हणून बोहरी आळीतून दाराची पितळी मूठ आणली. तिला 0.3 मिलिमीटरचं छिद्र पाडताना तीन ड्रिल मोडली, तो भाग सोडून देऊ.

आत-बाहेरच्या दाबाचं गुणोत्तर 1.9च्या वर गेलं की छिद्रातली हवा ध्वनीच्या वेगाने सुटते. दाब आणखी वाढवला तर हवा जास्त जाते, छिद्रातला वेग मात्र तोच राहतो. म्हणून 30 पीएसआय, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो तेवढा दाब, पुष्कळ झाला. एवढ्या दाबाला त्या छिद्रातून मिनिटाला दोनच लिटर हवा लागते, म्हणजे लागणाऱ्या एकूण हवेच्या शेकडा एक!

खरं वाटेना, म्हणून आधी सायकलचा पंप लावला. भाच्याने दहा-बारा दट्टे मारले आणि मुठीतून धुक्याचा पिसारा उठला. "मामा, पंप भाजतोय!" हवा दाबली की तापते, घर्षणाचा वाटा त्यात थोडाच.

मग कॉम्प्रेसर जोडला. आतला गॅस फ्रिजच्या मेकॅनिककडून काढून घेतला. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. जुन्या फ्रिजमधला गॅस हवेत सोडणंही बरं नव्हे. टाकी ट्रकच्या एअर ब्रेकची, जुन्या बाजारातली. आधी तिच्यात काठोकाठ पाणी भरून, पंपाने दाब देऊन तपासली. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी नुसतं गळतं. दाबलेली हवा मात्र पत्र्याचे तुकडे फेकते. याच कारणाने पीव्हीसी पाइपची टाकी करू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह तर हवाच. टाकीत दाब असताना कॉम्प्रेसर पुन्हा सुरू केला तर तो नुसता घुमतो आणि ओव्हरलोडचा स्विच 'टक्' करून वीज तोडतो. आधी हवा सोडावी लागते.

हिवाळाभर झकास चाललं. आषाढात ज्योत थुंकायला लागली. पावसाळी हवेत घनमीटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम वाफ असते. हवा तिपटीने दाबून परत थंड झाली की त्यातली दोन तृतीयांश वाफ पाणी होऊन टाकीत साचते, तासाला तीन चमचे. आता टाकीच्या बुडाशी तोटी आहे. भाचा खाली वाटी धरून ती सोडतो, आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की ओरडून सांगतो. ते तेल चकलीचं नव्हे, कॉम्प्रेसरच्या पोटातलं. तेवढंच मोजून पुन्हा त्याच्यात ओततो.