हालचालीचं वजन

२००६च्या डिसेंबरात निन्टेन्डो कंपनीवर सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची वेळ आली. 'वी' हा तिचा गेम कन्सोल महिन्याभरापूर्वीच बाजारात आला होता. नुसती बटणं दाबत बसायचं नाही, हातातला रिमोटच रॅकेटसारखा फिरवायचा आणि टीव्हीवर टेनिस खेळायचं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मनगटाची दोरी तुटायची आणि रिमोट सुटून भलतीकडेच आदळायचा. शेवटी ०.६ मिलिमीटरची दोरी १ मिलिमीटर जाड करण्यात आली.

खरी गंमत नंतरची. पूर्ण हात फिरवायची गरजच नाही, हे खेळणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं. सोफ्यावर रेलून मनगटाला नुसता हिसका दिला तरी फटका बसतो! कारण रिमोटमध्ये होता अ‍ॅक्सेलरोमीटर. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. झटका बसला की तो किंचित मागे रेंगाळतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि तो बदल विद्युत संकेतात उमटतो. वेग किती झपाट्याने बदलला, एवढंच त्याला कळतं. झटका खांद्यातून आला की मनगटातून, याचा त्याला पत्ता नसतो. २००९मध्ये रिमोटच्या जोडीला जायरोस्कोप आला, रिमोट कसा वळला हेही कळू लागलं. तरी खांदा नजरेबाहेरच राहिला.

संगणकाशी माणसाचा व्यवहार कसा घडावा, हे ठरवणाऱ्या डिझायनरांपैकी काही जण म्हणूनच हालचालीला बटणाचा पर्याय मानत नाहीत. ते तिला घडवायचं साहित्य मानतात. सुतार लाकडाचे रेषे बघून रंधा मारतो, तसे हालचालीचे गुणधर्म ओळखूनच काम करावं लागतं. शरीर काटकसरी असतं, हा त्यातला एक. दुसरा अगदीच उघड असूनही हमखास विसरला जातो, तो म्हणजे वजन.

हात खांद्याच्या रेषेत सरळ समोर धरून बघा. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के भरतं. साठ किलोच्या माणसाचा हात झाला ३ किलोचा. त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, आणि तो तोलून धरणारे स्नायू मात्र सांध्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवरून ओढतात. तरफेचा हा सौदा फार महागात पडतो: ३ किलोच्या हातासाठी स्नायूंना जवळपास ३० किलोचा जोर लावावा लागतो. मिनिटाभरात खांदा बोलायला लागतो. उभ्या टचस्क्रीनवर काम करणाऱ्यांच्या या दुखण्याला संगणकवाल्यांनी केव्हाच नाव दिलं आहे, 'गोरिला आर्म'. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हाच हिशेब मांडून हवेतल्या हातवाऱ्यांचा थकवा मोजायची पद्धत सुचवली. कोपर वाकवून, कंबर आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात हात ठेवला तर बराच वेळ तग धरता येतो.

मायक्रोसॉफ्टचा 'कायनेक्ट' हा शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा २०१०मध्ये आला तेव्हा हात रिकामेच राहिले. अवरक्त ठिपक्यांचा पडदा खोलीभर टाकून तो शरीराचे २० सांधे ओळखायचा. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख कायनेक्ट विकले गेले. पण मेनूतलं काही निवडायचं तर हात त्या चित्रावर काही क्षण अधांतरी रोखून धरावा लागे. कारण बटण दाबलं की नाही हे स्पष्ट असतं. हात मात्र नाक खाजवायलाही वर जातो. हेतू कोणता आणि सहज कोणतं, हे ओळखायला थांबणं हा एक उपाय होता, आणि माझ्या मते सर्वांत कंटाळवाणा. एका नाचाच्या खेळाने त्याऐवजी हात आडवा सरकवायला लावला. ते नाचणाऱ्या अंगाला शोभणारं होतं.

अ‍ॅपलने २०२४च्या व्हिजन प्रो या डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये कॅमेरे खालच्या बाजूलाही बसवले. नजरेने निवडा, मांडीवर ठेवलेल्या हाताने चिमूट करा. खांद्याची सुटका झाली खरी, पण हालचालच दोन बोटांपुरती उरली.

स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात क्रिस्टीना हूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी उलट बाजूने सुरुवात केली. मोशे फेल्डनक्रायस या अभियंत्याने आणि पट्टीच्या ज्युदोपटूने बेतलेले संथ व्यायाम त्यांनी आधी स्वतः केले, जमिनीवर आडवं पडून. त्यातून एक चटई तयार झाली. ध्वनिमुद्रित आवाज 'आता डाव्या टाचेकडे लक्ष द्या' अशा धर्तीच्या सूचना देतो आणि चटईचा तेवढाच भाग कोमट होतो. स्क्रीन नाही, गुण नाहीत, हातवारे ओळखणंही नाही. ऊब सावकाश चढते आणि सावकाशच उतरते. त्यामुळे सूचनांनाही घाई करून चालत नाही. पुढची सूचना लवकर आली तर टाचेची ऊब अजून गेलेलीच नसते.