गायकबदल (पंक रॉक)

पंक रॉक (वेगवान, आक्रमक रॉक संगीत) वाद्यवृंदाने मुख्य गायक बदलल्यावर नव्या आवाजाला धरून अल्बम ध्वनिमुद्रित करण्याची पद्धती. वादक बहुधा तेच राहतात. पट्टी (गाण्याचा आधारस्वर), श्वासाच्या जागा आणि कधी कधी गिटारच्या तारांची जाडीही बदलावी लागते.

पूर्वोदाहरणे : इंग्लंडमधील बझकॉक्सचे नाव या संदर्भात प्रथम घेतले जाते. हॉवर्ड डिव्होटो १९७७ च्या सुमारास बाहेर पडला, गिटारवादक पीट शेली गाऊ लागला आणि पहिला पूर्ण अल्बम १९७८ मध्ये आला. मात्र शेली वृंदात सुरुवातीपासून होता. त्यामुळे ही कामाची फेरवाटणी मानणे अधिक सयुक्तिक. बाहेरून आलेल्या गायकाचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील ब्लॅक फ्लॅगचे. कीथ मॉरिस, रॉन रेयेस व डेझ कडेना यांच्यानंतर १९८१ मध्ये वॉशिंग्टनचा हेन्री रॉलिन्स आला. कडेना वृंद न सोडता दुसऱ्या गिटारवर गेला. ‘सिक्स पॅक’ हे गाणे कडेनाच्या आवाजात आधी निघालेले होते. ते ‘डॅमेज्ड’मध्ये (साधारणतः १९८१ ची अखेर) रॉलिन्सने पुन्हा गायले, म्हणून एकाच गाण्यावर दोन आवाज ताडून पाहता येतात.

पट्टी : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी गायकाचा कान पुष्कळदा भजनी मंडळात तयार झालेला असतो. तो आपली पट्टी पेटीच्या भाषेत ‘काळी दोन’ अशी सांगतो, तर गिटारवादक ‘ई’वर अडून बसतो, कारण गिटारची सर्वांत जाड तार ‘ई’ला लावलेली असते. ई म्हणजे पांढरी तीन. फरक केवळ अर्ध्या स्वराचा. पंकमधील पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच असतात, गंधार नसतो. त्यामुळे हात एक-दोन पडदे सरकवला की काम झाले असे वाटते. अडचण खुल्या (न दाबता वाजवलेल्या) जाड तारेची. रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची छोटी धून) तिच्यावर उभी असेल, तर हात सरकवल्याने तिचा घुमारा जातो. अशा वेळी सर्व तारा अर्धा स्वर उतरवून काळी दोन, किंवा पूर्ण स्वर उतरवून पांढरी दोन करतात. पूर्ण स्वर उतरवल्यास ०.०१० इंचाचा (सर्वांत बारीक तारेची जाडी) संच ढिला पडतो: जोरकस आघाताला सूर आधी चढतो, मग खाली येतो आणि तार पडद्यावर खरखरते. ०.०११ चा संच चढवून गिटारच्या मानेचा बाक आणि बाराव्या पडद्यावरचा सूर पुन्हा तपासावा लागतो. पट्टी चढवायची असल्यास तारा ताणू नयेत (पहिली तार तुटते). दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावावा. पुरुषाच्या काळी एकवरून स्त्रीच्या काळी पाचवर जायचे असल्यास नवी रिफ बांधलेली बरी.

ध्वनिमुद्रण : तालमीत गाणे सलग तीनदा म्हणून टिकेल तीच पट्टी धरतात. मिनिटाला १८० मात्रांच्या क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) नव्या गायकाचा कच्चा, वादकांना वाट दाखवण्यापुरता आवाज, त्यावर ड्रम, बास, डाव्या-उजव्या बाजूंसाठी स्वतंत्रपणे वाजवलेल्या दोन गिटारी आणि शेवटी पक्का आवाज, असा क्रम असतो. जुन्या गायकाच्या कच्च्या आवाजावर ड्रम वाजवून ठेवणे ही नेहमीची चूक. श्वासाच्या जागा जुळत नाहीत आणि ओळी मागे पडतात. वाजवून झालेल्या गिटारी संगणकावर दोन अर्धस्वरांहून अधिक सरकवल्या की कृत्रिम वाजतात.

डायनॅमिक माइक ओठांपासून ५ ते ८ सेंमी ठेवतात. भ, फ, ध यांचा फुत्कार अडवायला पॉप फिल्टर लावतात. माइकची जाळी मुठीत धरली की (रंगमंचावर ते शोभतेही) आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. सर्वांत मोठी आरोळी ध्वनिमुद्रण यंत्राच्या मापकावर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत. आरोळीचे गायन दोन तासांपुरतेच, कारण त्यानंतर स्वरतंतू सुजू लागतात.

शहापूर, वडगाव, खासबाग या विणकर वस्त्यांत यंत्रमागाचा हादरा जमिनीतून माइकच्या स्टँडपर्यंत पोचतो. खाली जाड फोम घालतात किंवा माग बंद असताना गातात. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, पत्र्याखालची खोली आवाजासाठी निरुपयोगी ठरते. गिटार-बास मात्र थेट वायरने घेता येतात.

हक्क : जुन्या गायकाचा आवाज कोरसमध्ये ठेवायचा असल्यास त्याची लेखी संमती घेतात, प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ नुसार कलाकाराचा हक्क ५० वर्षे टिकतो. शब्द त्याचे असल्यास गीतकार म्हणून त्याचे नाव कायम राहते.