रातराणीमुळे साप येतात?

‘रातराणी लावू नका, वासाने साप येतात,’ असं घरोघरी सांगतात आणि बिचारं झुडूप उपटलं जातं. सापाला फुलांच्या सुगंधाशी देणंघेणं नसतं. तो जीभ लपलपवत हवेतले गंधकण टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापर्यंत नेतो आणि उंदीर-बेडकांचा माग काढतो. रातराणीच्या नळीसारख्या, हिरवट-पांढऱ्या फुलांचा दरवळ असतो निशाचर पतंगांसाठी.

बुंध्याशी पालापाचोळा, विटांचा ढीग साठला तर साप जास्वंदीखालीही दडेल. तेव्हा बुंधा मोकळा ठेवा, बहर ओसरला की छाटा. पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते. ऊन मात्र हवं.

सांभाळायचं ते वेगळंच. वेस्ट इंडीज-मध्य अमेरिकेकडचं हे झुडूप धोत्र्याच्या कुळातलं. त्याची पांढरी फळं विषारी असतात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.