आरजीपी की स्क्लेरल? केरॅटोकोनसच्या दोन कडक लेन्स

केरॅटोकोनससाठी लेन्स लागणार असं कळलं की बहुतेक जण आधी एकच गोष्ट मागतात: ‘छोटी लेन्स द्या, मोठी टोचेल.’ प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं घडतं. ओपीडीच्या गर्दीत हे नीट समजावून सांगायला वेळ मिळत नाही, आणि मग पेशंट चुकीच्या भीतीपोटी लेन्सच नाकारतो. मला याचं फार वाईट वाटतं.

या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. स्टेशनवरच्या इंडिकेटरवरचे आकडे दुहेरी दिसतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. आजार वाढला की चष्म्याने भागत नाही, कारण पृष्ठभागच वेडावाकडा असतो. साधी सॉफ्ट लेन्स त्याच्यावर बसून तसाच आकार घेते. कडक लेन्स मात्र आपला आकार सोडत नाही. तिच्या खालचे खळगे अश्रूंनी किंवा सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) भरून निघतात आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. आरजीपी (रिजिड गॅस पर्मिएबल) आणि स्क्लेरल, दोन्ही कडक लेन्स याच तत्त्वावर चालतात आणि दोन्हींतून ऑक्सिजन आरपार जातो.

फरक आहे तो लेन्स कुठे टेकते यात. आरजीपी साधारण ९ ते १० मिलिमीटरची, कॉर्नियाहूनही लहान. ती कॉर्नियावरच बसते आणि पापणी लवली की किंचित सरकते. कॉर्नियात मज्जातंतूंचं दाट जाळं असल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस ती खुपते. स्क्लेरल साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. तिची कड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, जिथे संवेदना बरीच कमी असते, आणि कॉर्नियाला न शिवता ती वरून कमान टाकते.

फिटिंगच्या वेळी हे डोळ्यांनी दिसतं. फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं की आरजीपीखाली जिथे काळपट डाग, तिथे लेन्स घासते आहे. शंकूच्या टोकावर असा ठळक डाग असेल तर ती लेन्स बदलायलाच हवी, पेशंटला कितीही स्पष्ट दिसत असलं तरी. स्क्लेरलखाली सगळीकडे हिरवा थर दिसायला हवा. सुरुवातीला मध्यभागी साधारण २०० ते ३०० मायक्रॉन अंतर ठेवतात, कारण काही तासांत लेन्स खाली बसते.

मुंबईत रोजचा प्रवासही विचारात घ्यावा लागतो. लोकलच्या दारात वारा, मेट्रोच्या कामाची धूळ: आरजीपीखाली एक कण गेला की डोळ्यांतून धारा लागतात, आणि डोळा जोरात चोळला तर लेन्स निघून पडते. स्क्लेरलखाली धूळ सहसा जात नाही. म्हणून रोज गर्दीतून प्रवास करणाऱ्याला परवडत असेल तर मी स्क्लेरलकडे झुकते. पण ती महाग आहे आणि घालणं शिकावं लागतं: प्लंजरवर (लेन्स धरायच्या छोट्या रबरी कांडीवर) लेन्स ठेवायची, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरायची, चेहरा जमिनीला समांतर होईल इतकी मान वाकवायची आणि लेन्स सरळ वर डोळ्याला लावायची. आत बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. काहींना दुपारपर्यंत धुरकट दिसू लागतं. मग काढून, धुऊन, नवं सलाइन भरावं लागतं. आजार सौम्य असेल तर आरजीपी उत्तम चालते, आणि घालायला-काढायला सुटसुटीत.

नळाचं पाणी दोन्हींना वर्ज्य. त्यातल्या अकँथामीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग दृष्टी घालवू शकतो. लेन्स घालून झोपायचंही नाही.

आणखी एक गोष्ट: यातली कुठलीच लेन्स आजार थांबवत नाही. तो वाढत असेल तर थांबवण्यासाठी सीथ्रीआर असतं, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया मजबूत करण्याचा उपचार. ते झाल्यावरही स्पष्ट दिसायला लेन्स लागू शकते. आणि डोळे चोळणं बंद, ॲलर्जी असेल तर आधी तिचे उपचार.

ऑर्डर देण्यापूर्वी ‘ट्रायल लेन्स घालून मला दोन-तीन तास इथेच बसू द्या’ असं लेन्स बसवणाऱ्यांना सांगा. मग पुन्हा तपासणी करून घ्या आणि त्यानंतरच नंबर ठरवा.