दोन इंच टेपेतला प्रतिध्वनी

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 706, युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर असलेल्या सन स्टुडिओची खोली लहानशी. 1954 च्या जुलैत तिथे तिघेच जण वाजवत-गात होते: एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या माणसाएवढ्या खर्जाच्या वाद्यावर, बिल ब्लॅक. ड्रम वाजवणारा कोणी नव्हताच. तरीही तेव्हा मुद्रित झालेलं 'ब्लू मून ऑफ केंटकी' ऐकताना गायक एखाद्या भल्यामोठ्या, रिकाम्या दालनात उभा आहे असं वाटतं. सत्तर वर्षं झाली, तरी रॉकबिली, म्हणजे कंट्री संगीत आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेला सुरुवातीचा रॉक अँड रोल, म्हटलं की मला आधी तो घुमणारा आवाजच आठवतो.

हे दालन स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी टेपवर उभं केलं होतं. गाणं एका टेपयंत्रावर मुद्रित व्हायचं आणि तोच आवाज दुसऱ्या यंत्राकडेही जायचा. अशा यंत्रात आवाज नोंदवणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या हेडमध्ये थोडं अंतर असतं. ते साधारण 2 इंच धरा. टेप सेकंदाला 15 इंच वेगाने सरकत असेल, तर नोंदलेला सूर दुसऱ्या हेडपर्यंत पोचायला सुमारे 0.13 सेकंद लागतात. हा मागाहून आलेला सूर मूळ गाण्यात मिसळायचा. त्याचंच नाव स्लॅपबॅक.

आपल्या कानांसाठी ही वेळ फार मोक्याची आहे. मूळ आवाजापाठोपाठ 30-40 मिलिसेकंदांच्या आत परतलेला आवाज मेंदू सहसा वेगळा धरतच नाही, दोन्ही एकच समजतो. स्लॅपबॅकचा उशीर 130 मिलिसेकंदांचा, म्हणून तो वेगळा ऐकू येतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे 45 मीटर जातो. म्हणजे साडेबावीस मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यावा, तसा! छोट्या खोलीत बसून कान ती भिंत ऐकतात.

याला लयीचंही अंग आहे. गाण्याची गती मिनिटाला 150 ठोके असेल, तर एका ठोक्याला 400 मिलिसेकंद मिळतात आणि स्लॅपबॅक बरोबर त्याच्या एक तृतीयांशावर पडतो. तिश्र जातीत, म्हणजे ठोक्याचे तीन समान भाग करून, वाजवणाऱ्याला ही जागा लगेच ओळखू येईल. प्रतिध्वनी तिथे स्वतःच एक बोल होऊन वाजतो.

ड्रमची उणीव बासने भरून काढली. बिल ब्लॅक तार ओढून सोडायचा, की ती वाद्याच्या लाकडी पट्टीवर सपकन आपटायची. डग्ग्याचा घुमार आणि तबल्याच्या चाटेवरचा बोल एकाच वाद्यातून निघावेत, तसा हा प्रकार. बासच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 41. मोटारीतल्या रेडिओचा चिमुकला स्पीकर इतका खर्ज नीट वाजवूच शकत नाही. पण आपटण्याच्या आवाजात उंच कंपनंही भरपूर असतात आणि ती मात्र सहज बाहेर पडतात. शिवाय मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या वरच्या कंपनांवरून मेंदू तो ताडतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. गायक जॉनी कॅशने 1956 च्या 'आय वॉक द लाइन'मध्ये ड्रमची हीच गरज कागदाने भागवली. गिटारच्या तारांमध्ये कागद खोचला, की सूर लांबत नाही आणि ड्रमसारखी खरखर उमटते.

मग पाय का हलतो? ठाशीव लय ऐकताना आपण स्तब्ध बसलो असलो, तरी मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. प्रयोगांत असंही दिसलं आहे, की अगदी सरळ ठेक्यापेक्षा किंवा फार गुंतागुंतीच्या ठेक्यापेक्षा अपेक्षित जागा अधूनमधून चुकवणारा ठेका नाचायची ऊर्मी जास्त जागवतो. बास सम ठाम धरून ठेवतो, गायक मात्र शब्द कधी आधी टाकतो, कधी रेंगाळवतो. रॉकबिली नेमकी या मधल्या पट्ट्यात बसते, असं माझं मत आहे.

1955 च्या अखेरीस आरसीए या रेकॉर्ड कंपनीने एल्व्हिसचा करार विकत घेतला. 1956 च्या जानेवारीत नॅशव्हिलमध्ये 'हार्टब्रेक हॉटेल' मुद्रित करताना तंत्रज्ञांनाही तसाच घुमारा हवा होता. त्यांनी इमारतीतल्या मोकळ्या बोळाचा उपयोग केला. तिथे भिंतींवरून शेकडो परावर्तनं एकमेकांत मिसळत येतात. दोन्ही गाणी हेडफोनवर पाठोपाठ ऐका. नॅशव्हिलच्या गाण्यात शब्द हळूहळू विरत जातो. मेम्फिसच्या गाण्यात तो संपतो आणि लगेच, एकदाच, पुन्हा ऐकू येतो.